कप की लीग? फातोर्ड्याच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

२४ एप्रिल २०२४ च्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा मुंबई सिटीविरुद्ध २-० ने पुढे होतं. इंडियन सुपर लीगची सेमीफायनल, दोन सामन्यांपैकी पहिला लेग. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांनी गोल केले होते. ८८व्या मिनिटाला माझा फोंड्याचा मामेभाऊ उठला आणि स्कूटर काढायला बाहेर गेला. मॅच सुटल्यावर मडगावातून बाहेर पडणं म्हणजे काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक. बाहेर गाड्यावर त्याने रस ऑम्लेट सांगितलं. त्याचं म्हणणं, पाव रश्श्यात बुडवेपर्यंत मॅच गेली. ९०व्या मिनिटाला मुंबईचा छांगटे, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप, ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. आतून ओरडा ऐकू आला नाही, आतला ओरडा थांबला, आणि त्यावरूनच त्याला कळलं.

मी सावंतवाडीचा. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की मैदानात स्टंपांच्या जागी गोलपोस्ट दिसायला लागतात. मामाकडे गेलो की दर नव्या हंगामाआधी एकच वाद ऐकायला मिळतो: यंदा आपल्या टीमचं काय? कोण परदेशी स्ट्रायकर येतोय, सेंटर बॅक कोण, कोच टिकेल का. वरवर पाहिलं तर जगात कुठल्याही फुटबॉलवेड्या गावात चालतो तसलाच वाद. पण बरीच वर्षं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की या घरात दोघं दोन वेगवेगळ्या फुटपट्ट्या घेऊन बसलेले असतात. मामांच्या हातात लीगची, मामेभावाच्या हातात कपची. मोजमापच जुळत नाही, म्हणून वाद कधी संपत नाही. या दोन फुटपट्ट्या आल्या कुठून, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने शिवोलीत फुटबॉल आणला, ही गोष्ट गोव्यात सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर चर्चच्या शाळा, गावोगावच्या स्पर्धा, मुक्तीनंतर खाणमालकांचे आणि कंपन्यांचे संघ. १९८४ च्या संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेत, गोव्याने पंजाबला १-० ने हरवलं. त्या संघाचा कप्तान आणि गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर. अख्ख्या स्पर्धेत त्याने एकही गोल खाल्ला नाही. हे मामा सांगतात तेव्हा गोल स्वतः अडवल्यासारखं सांगतात.

खरी मजा पुढे आहे. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि कोलकात्याच्या क्लबांच्या बरोबरीने गोव्याचे क्लब धावू लागले. १९९८-९९ ला साळगावकर विजेते. २००४-०५ ला धेंपो. त्या मोसमात, डिसेंबर २००४ मध्ये, बंगळुरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि गेला. सामन्याचे दोन्ही गोल त्याचेच होते. धेंपोने कप जिंकला, पुढे लीगही जिंकली, आणि त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कुणाला दिली नाही. २००६-०७ ला परत धेंपो.

मग २००७ मध्ये लीगचं नाव आय-लीग झालं. यानंतरची यादी मामा बोटांवर मोजतात आणि मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. २००७-०८ धेंपो. २००८-०९ चर्चिल ब्रदर्स. २००९-१० धेंपो. २०१०-११ साळगावकर. २०११-१२ धेंपो. २०१२-१३ चर्चिल. सहा वर्षं, सहा विजेतेपदं, सगळी गोव्यात. तेव्हाच्या दोन जिल्ह्यांच्या एवढ्याशा राज्यात. धेंपोची पाचही विजेतेपदं आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली आली, आणि त्या संघात महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी इथलीच नावं होती. २००८ मध्ये हा संघ एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत पोचला.

या सगळ्या विजेतेपदांत एक गोष्ट समान होती. बाद फेरी नव्हती. आय-लीगमध्ये तर वर्षभर सगळ्यांशी खेळायचं, घरी आणि बाहेर, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. एखाद्या रात्री पाय घसरला तरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. गोव्यातली जुनी पिढी या हिशेबावर वाढली. मामा वास्कोला नोकरीला होते, त्यामुळे जन्मभराचे साळगावकरवाले. धेंपोचं नाव निघालं की अजूनही चेहरा आंबट करतात. पण लीग म्हणजे काय, यावर धेंपोवाले आणि साळगावकरवाले यांच्यात दुमत नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि हिशेब बदलला. सुरुवातीला आठ संघ, अडीच-तीन महिन्यांचा मोसम, सगळ्यांच्या एकाच गटात पहिले चार आलेले सेमीफायनलला, आणि फायनल जिंकेल तो चॅम्पियन. गटात पहिला आलेल्याला काही नाही. सहा परदेशी आणि पाच भारतीय मैदानात, म्हणजे गावच्या पोरांना जागा आपोआप कमी. एफसी गोवाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर दोघंही होते. ज्यांच्या क्लबांनी एकमेकांचे घाम काढले ते एका गव्याच्या चिन्हाखाली आले. कोच म्हणून साक्षात झिको. मामेभाऊ तेव्हा अकरावीत होता. त्याच्यासाठी फुटबॉल इथून सुरू होतं.

आणि त्याच्या वाट्याला काय आलं, ते पाहा. पहिल्या वर्षी कोलकात्याशी सेमीफायनलच्या दोन्ही लेगमध्ये गोल नाही, पेनल्टीवर बाहेर. २०१५ ला गोवा गटात पहिलं आलं, फायनल घरी, फातोर्ड्यात, चेन्नईन एफसीशी. ८७व्या मिनिटाला गोव्याच्या जोफ्रेने गोल केला, २-१. गुलालाला हात घालायचा तेवढा बाकी होता. ९०व्या मिनिटाला आपलाच गोलकीपर कट्टीमनी, त्याच्या हातून बॉल आपल्याच जाळ्यात, आणि दोन मिनिटांत चेन्नईनच्या मेंडोझाने तिसरा. २-३. सामन्यानंतरच्या राड्याने प्रकरण इतकं चिघळलं की क्लबचे पुढच्या मोसमाचे १५ गुण कापायचा निर्णय झाला; अपिलात तो मागे घेतला गेला. २०१६ ला मात्र संघ गुण न कापताही शेवटचाच आला.

त्याच २०१६ मध्ये, मामांच्या हिशेबाने, मोठा घाव बसला. फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा आला आणि त्यात आय-लीग दुसऱ्या पायरीवर जाणार असं दिसू लागलं. साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो, तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. गोव्याच्या नऊ राष्ट्रीय विजेतेपदांपैकी सात ज्यांच्या कपाटात, ते दोन क्लब एका उन्हाळ्यात राष्ट्रीय लीगच्या बाहेर. त्याआधी २०१२ मध्ये खाणीही बंद पडल्या होत्या, आणि खाणीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गोव्यात ते सगळ्यांनाच जाणवत होतं. मामा म्हणतात की त्या वर्षापासून ते एफसी गोवाचे झाले. दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून.

२०१७ मध्ये कोच म्हणून सर्जिओ लोबेरा आले आणि पुढची तीन वर्षं फातोर्ड्याने जे फुटबॉल पाहिलं त्याबद्दल मामांचंही काही म्हणणं नाही. स्ट्रायकर कोरोमिनासने तीन मोसमांत ४८ गोल मारले. बॉल पायात ठेवायचा, पास द्यायचे, आणि दोन खाल्ले तर चार मारायचे. पण बाद फेरी आली की घड्याळ फिरायचं. २०१९ ची फायनल मुंबईत, बंगळुरूशी, ०-० ने ज्यादा वेळेत गेली. पेनल्टी शूटआउट चार-पाच मिनिटांवर आलं असताना कॉर्नरवर राहुल भेकेने हेडर घातलं. भेके मुंबईचा मराठी मुलगा. मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे मी मामाकडे कधीही बोललेलो नाही.

पुढच्या वर्षी लीगने गटात पहिल्या येणाऱ्याला शील्ड द्यायला सुरुवात केली, सोबत आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट. पहिलीच शील्ड गोव्याने घेतली: १८ सामन्यांत ४६ गोल, शेवटच्या सामन्यात जमशेदपूरला ५-०. गंमत म्हणजे तोपर्यंत लोबेरांना काढून टाकलेलं होतं, आणि शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडाने, म्हणजे जुन्या धेंपोच्याच माणसाने, सांभाळले. सेमीफायनलला चेन्नईत १-४. घरी ४-२ जिंकून एका गोलने बाहेर.

इथे दोन फुटपट्ट्या समोरासमोर आल्या. मामांच्या मते गोवा त्या वर्षी भारताचं चॅम्पियन होतं, बोलणं संपलं. आणि २०१५ लाही होतं, कारण गटात पहिलं आलं होतं. मामेभावाच्या मते शील्ड म्हणजे प्रिलिमला पहिला नंबर. खरं सांगायचं तर मी मामांच्या बाजूचा आहे. युरोपातल्या बड्या लीगमध्ये पहिला येणाऱ्याला चॅम्पियन म्हणतात आणि कुणी दुसरी परीक्षा घेत नाही. पण हेही खरं की लीग सुरू होण्याआधी नियम सगळ्यांना माहीत होते, आणि हातात चांदीचा कप धरलेला फोटो वेगळाच दिसतो.

त्यानंतर जे झालं त्याने वादात कडवटपणा आला. लोबेरा २०२० मध्ये मुंबई सिटीकडे गेले, आणि गोव्याचेच जाहूह, बुमूस, फाल या खेळाडूंसकट आपला मंदार राव देसाईसुद्धा तिकडे गेला. मुंबईने त्याच मोसमात शील्ड आणि कप दोन्ही नेले. सेमीफायनलला पेनल्टीवर हरवलं कुणाला, तर गोव्याला. डिसेंबर २०२१ मध्ये कोच फेरांदो मोसमाच्या मध्यावर कोलकात्याला गेले. म्हणून फातोर्ड्याचा माणूस नव्या मोसमाआधी खेळाडूंच्या यादीपेक्षा कोचच्या कराराची मुदत आधी विचारतो. आणि इथलं कोण खेळतंय, हे लगेच दुसरं. परदेशी खेळाडूंची मर्यादा २०१७ ला पाचवर आणि २०२१ ला चारवर आली तेव्हा मामा खूश होते, पण भारतीय म्हणजे गोंयकारच असं थोडंच आहे?

कोच मानोलो मार्केझ २०२३ मध्ये आले. त्यांच्या पहिल्या वर्षी ती रस ऑम्लेटची रात्र. दुसऱ्या वर्षी गोवा ४८ गुणांनी दुसरं. सेमीफायनलला बंगळुरूत ०-२, घरी परतून २-० केलं, दोन्ही सामने मिळून बरोबरी, आणि ९२व्या मिनिटाला सुनील छेत्रीचं डोकं. मामेभाऊ त्या दिवशी जागचा हलला नव्हता. त्यामुळे स्कूटरमुळे हरलो होतो, हा घरातला आरोप निकालात निघाला.

महिनाभरातच, मे २०२५ मध्ये, भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून गोव्याने सुपर कप, म्हणजे लीगपेक्षा वेगळी असलेली कप स्पर्धा, जिंकला. त्यातून आशियाचं दार उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर फातोर्ड्याला आला. स्वतः रोनाल्डो आला नाही. सामना १-२ असा गेला, गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा, आणि मामांनी तेवढं एकच नाव चारदा उच्चारलं.

पण या सगळ्या काळात लीगच नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नूतनीकरण होईना, म्हणून जुलैमध्येच मोसम स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. हक्कांची निविदा निघाली, तिला एकही बोली आली नाही. डिसेंबरात गोव्याने ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून पुन्हा सुपर कप जिंकला, तिसऱ्यांदा, घरच्या मैदानावर. पण ‘यंदा काय’ याचं उत्तर ‘यंदा आहे का’ यात अडकलं होतं. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी तारीख सांगितली: १४ फेब्रुवारी, चौदा संघ, ९१ सामने.

मी फोन केला तेव्हा मामांनी आकडा आधीच फोडलेला होता. चौदा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले की बरोबर एक्क्याण्णव होतात. म्हणजे सेमीफायनलला जागाच नाही, पहिला येईल तो चॅम्पियन. मागून मामेभावाचा आवाज आला, की प्रत्येकाशी एकदाच खेळून, अर्धे घरी नि अर्धे बाहेर, तेरा सामन्यांत कसली आलीय लीग. हा तर लांबवलेला कप झाला. मामा फोनवर मला म्हणाले, “कप कसलो रे, लीग सांग ताका.” मग दोघांनीही मला विसरून आपसात सुरू केलं, आणि फोन कुणीच ठेवला नाही.