विल्यम मार्शल (उत्कीर्णक)

विल्यम मार्शल हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांसाठी काम करणारा ताम्रपट-उत्कीर्णक. कवितासंग्रहांपासून धार्मिक ग्रंथांपर्यंत अनेक पुस्तकांची मुखचित्रे त्याने कोरली. हुबेहूब चेहरा त्याला क्वचितच साधला. प्रतीकांची मांडणी मात्र तो उत्तम करी.

या कामात तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खोदतात, त्यांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर दाबतात. ठसा उलटा उमटतो, म्हणून अक्षरेही उलटी कोरावी लागतात. शेक्सपिअरच्या १६४० च्या कवितासंग्रहासाठी मार्शलने उत्कीर्णक मार्टिन ड्रूशाउटच्या १६२३ मधील शेक्सपिअरच्या चित्राची नक्कल केली. तीत कवीचा चेहरा दुसऱ्याच बाजूला वळला आहे. जॉन डनच्या कवितांच्या १६३५ च्या आवृत्तीतले, अठरा वर्षांच्या डनचे चित्रही मार्शलचेच.

त्याची खरी फजिती झाली ती जॉन मिल्टनच्या १६४५ च्या कवितासंग्रहात. चित्राभोवतीच्या लंबवर्तुळाकार चौकटीवर वय एकवीस कोरलेले, पण चेहरा पोक्त, थकलेला. मागच्या खिडकीतून दिसणारे नाचणारे मेंढपाळ त्या चेहऱ्यापेक्षा जिवंत वाटतात. मिल्टनने चित्राखाली कोरण्यासाठी चार ग्रीक ओळी दिल्या. त्यांचा आशय असा: हे कुण्या अडाण्याच्या हातचे काम, मित्रहो, माझी ओळख पटत नसेल, तर या वाईट चित्रकाराच्या नकलेला हसा. ग्रीक न कळणाऱ्या मार्शलने स्वतःची ही निंदा एकेक अक्षर उलटे करून इमानाने कोरली. पुढे मिल्टनने खुलासा केला, की प्रकाशकाच्या आग्रहाला आपण मान दिला. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात शहरात दुसरा उत्कीर्णक नव्हता, असे त्याचे म्हणणे. तरीही ही थट्टा निष्ठुरच म्हणावी लागेल.

मार्शलचे सर्वश्रेष्ठ काम १६४९ मधले. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला त्याच सुमारास ‘आयकॉन बॅसिलिके’ हे राजाच्या नावाने निघालेले पुस्तक बाहेर पडले. मुखचित्रात राजा गुडघे टेकून बसला आहे. ऐहिक मुकुट पायाशी, हातात काट्यांचा मुकुट, नजर स्वर्गातल्या मुकुटाकडे. वादळी समुद्रातला अढळ खडक आणि वजनांनी लादलेले ताडाचे झाड पार्श्वभूमीला आहे. इथे साम्याची गरजच नव्हती; हवा होता हुतात्मा, आणि तो मार्शलने उभा केला. त्याच वर्षात लंडनमध्ये पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. राजाच्या जागी आलेल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने या पुस्तकाला उत्तर लिहिण्याचे काम मिल्टनकडेच आले, आणि त्याने या चित्रावरही हल्ला चढवला.

मिल्टनच्या कवितांच्या १६७३ च्या आवृत्तीतून मार्शलचे चित्र वगळले गेले. त्या चार ग्रीक ओळी मात्र कविता म्हणून छापल्या गेल्या.