म्युझिक प्लेअर स्मार्टवॉचमुळे संपले का?

स्मार्टवॉच आले आणि खिशातले म्युझिक प्लेअर संपले, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. मात्र घटनांचा क्रम पाहिला तर हे विधान टिकत नाही. ॲपलचा म्युझिक प्लेअर आयपॉड २००१ मध्ये आला आणि त्याची विक्री २००८ नंतर उतरणीला लागली, कारण गाणी मोबाइलवर आली होती. ॲपल वॉच बाजारात आले ते थेट २०१५ मध्ये.

घड्याळ पुढे तरी प्लेअरची जागा घेईल का? धावताना फोन घरी ठेवायचा असेल तर घड्याळ खरोखरच सोयीचे आहे, हे मान्य करायलाच हवे. पण त्याची बॅटरी साधारण काही शे मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे फोनपेक्षा बरीच लहान असते आणि तिच्यावरच पडदा, हृदयगती मोजणारा सेन्सर, जीपीएस व ब्लूटूथ चालवायचे असल्याने सलग गाणी ऐकताना ती झपाट्याने उतरते. शिवाय वायरचे हेडफोन जोडायला घड्याळात जागाच नसते आणि ब्लूटूथवर आवाज सहसा दाबून, म्हणजे काही तपशील गाळून, पाठवला जातो. हा तपशील जपण्यासाठीच सोनीसारख्या कंपन्या मेमरी कार्ड आणि हेडफोन जॅक असलेले स्वतंत्र प्लेअर अजूनही बनवतात. त्यांचा ग्राहक थोडा असला तरी घड्याळ त्याच्या उपयोगाचे नाही.