सर्वांत उंच वृक्षांचा शोध व मापन

झाडाचा बुंधा जमिनीतून ज्या पातळीवर वर येतो, तेथपासून त्याच्या सर्वांत वरच्या डहाळीच्या टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे झाडाची उंची. व्याख्या एवढी सरळ असूनही गेल्या दीडशे वर्षांत ‘जगातील सर्वांत उंच झाड’ म्हणून जाहीर झालेले अनेक आकडे पुढे टिकले नाहीत. शेंडा नेमका कोणता आणि जमीन नेमकी कुठली, हे दोन प्रश्न दाट अरण्यात आणि तीव्र उतारावर फार अवघड होतात. त्यामुळे उंच झाडांच्या विक्रमांची यादी वाचताना झाडांच्या वाढीपेक्षा मोजण्याच्या साधनांतील सुधारणाच अधिक दिसते.

आज ज्ञात असलेले सर्वांत उंच झाड अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, रेडवुड राष्ट्रीय उद्यानात आहे. ते कोस्ट रेडवुड (सेक्वोया सेम्परव्हायरेन्स) या जातीचे असून ‘हायपेरिअन’ या नावाने ओळखले जाते. २०१९ मध्ये त्याची उंची ११६.०७ मीटर भरली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर आणखी दहा मजल्यांची इमारत चढवली, तर या झाडाच्या शेंड्याची बरोबरी होईल.

उंचीबद्दलचे जुने दावे बहुधा लाकूडतोड्यांकडून, जमीन मोजणाऱ्यांकडून किंवा हौशी प्रवाशांकडून आलेले आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात युकॅलिप्टस रेग्नन्स ही निलगिरीची जात वाढते. तिला तिकडे ‘माउंटन ॲश’ म्हणतात. १८७२ मध्ये विल्यम फर्ग्युसन या वनाधिकाऱ्याने वॉट्स नदीच्या परिसरात आडव्या पडलेल्या एका झाडाची लांबी ४३५ फूट (सुमारे १३२.६ मीटर) असल्याचे कळवले, आणि तीही शेंडा मोडलेल्या अवस्थेत. हा आकडा खरा मानला तर आजचे सर्व विक्रम फिके पडतात. परंतु त्याला दुसऱ्या कोणाच्या मोजणीचा आधार नाही. त्याच प्रांतातील थॉर्पडेल येथे १८८० च्या दशकात कॉर्नथ्वेट या सर्वेक्षकाने मोजलेले झाड मात्र अधिक विश्वासार्ह मानले जाते, कारण तोडल्यानंतर ते साखळीने मोजले गेले आणि ३७५ फूट (११४.३ मीटर) भरले. १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनाच्या सुमारास ४०० फुटांहून उंच झाड दाखवणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते. ते कोणालाच मिळाले नाही. त्या शोधात मोजलेले सर्वांत उंच झाड ३२६ फुटांचे निघाले. बक्षीस जाहीर होताच शंभर-सव्वाशे फूट गळून पडावेत, यावरून आधीच्या अंदाजांची प्रत कळून येते.

उभे झाड मोजण्याची शालेय पद्धत दहावीच्या भूमितीमुळे आपल्या परिचयाची आहे. बुंध्यापासून ठरावीक अंतरावर उभे राहायचे, शेंड्याचा उन्नत कोन मोजायचा आणि त्याच्या टॅनने अंतराला गुणायचे. त्यात नजरेच्या पातळीपासून बुंध्याच्या तळापर्यंतची उंची मिळवायची. पाठ्यपुस्तकातील झाड काटकोन त्रिकोणाच्या उभ्या बाजूसारखे ताठ असते आणि त्याचा शेंडा नेमका बुंध्याच्या माथ्यावर असतो. रानातले झाड तसे नसते. ते झुकलेले असते, त्याचा पर्णसंभार पसरलेला असतो, आणि खालून पाहणाऱ्याला सर्वांत उंच वाटणारे टोक पुष्कळदा शेंडा नसून आपल्याच बाजूला पुढे आलेली एखादी फांदी असते.

एक उदाहरण घेऊ. निरीक्षक बुंध्यापासून ३० मीटरवर उभा आहे. त्याच्या दिशेने वाढलेल्या एका फांदीचे टोक त्याच्यापासून आडव्या अंतराने २० मीटरवर आणि नजरेच्या पातळीपासून २४ मीटर उंचीवर आहे. या टोकाचा उन्नत कोन सुमारे ५० अंश येतो आणि त्याचा टॅन १.२ असतो. निरीक्षक तेच टोक शेंडा समजला, तर तो ३० ला १.२ ने गुणतो आणि ३६ मीटर असे नोंदवतो. प्रत्यक्षात ते टोक २४ मीटरवर आहे. कोन अचूक, अंतर अचूक, गुणाकारही अचूक. आणि तरी उंचीत १२ मीटरची, म्हणजे चार मजल्यांची, चूक. अशी चूक यंत्र महाग घेतल्याने कमी होत नाही, कारण ती त्रिकोण चुकीचा कल्पिल्यामुळे होते.

यावरचा उपाय लेझर अंतरमापक हाताशी आल्यावर शक्य झाला. या यंत्राने निरीक्षकापासून थेट त्या टोकापर्यंतचे तिरके अंतर मोजता येते. वरील उदाहरणात ते सुमारे ३१.२ मीटर भरते. त्याला ५० अंशांच्या साइनने, म्हणजे सुमारे ०.७७ ने, गुणले की २४ मीटर हेच उत्तर मिळते. बुंधा कुठे आहे याच्याशी या गणिताला काही कर्तव्य नसते. तळ नजरेच्या खाली असेल, तर त्याचेही तिरके अंतर आणि अवनत कोन घेऊन तेवढी भर घालतात. या साइन पद्धतीचा मोठा गुण असा की, खरा शेंडा दिसलाच नाही आणि खालच्या फांदीवर नेम बसला, तर उंची कमी भरते, फुगत नाही. शोधक निरनिराळ्या जागांवरून पर्णसंभाराची टोके टिपत राहतो आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरतो. अमेरिकेच्या पूर्व भागातील जुन्या झाडांचे अभ्यासक रॉबर्ट लेव्हरेट आणि विल ब्लोझन यांनी १९९० च्या दशकापासून या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि आधीच्या याद्यांतील कित्येक ‘विक्रमी’ झाडे तिच्या कसोटीला उतरली नाहीत.

रेडवुडच्या शोधाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९६३ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे पॉल झाल यांना रेडवुड क्रीक या ओढ्याच्या काठी ३६७.८ फूट (सुमारे ११२.१ मीटर) उंचीचे झाड सापडले. त्या बातमीने ही अरण्ये वाचवण्याच्या चळवळीला बळ मिळाले आणि १९६८ मध्ये रेडवुड राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पुढे त्या झाडाचा शेंडा वाळला आणि मोडला. २००० मध्ये क्रिस ॲटकिन्स यांनी दक्षिणेकडच्या हंबोल्ट रेडवुड्स राज्य उद्यानात ‘स्ट्रॅटोस्फिअर जायंट’ हे ११२ मीटरहून उंच झाड शोधले. ओढ्या-नद्यांकाठची गाळाची सपाट जमीन हीच सर्वांत उंच झाडांची जागा, असा समज त्यामुळे अधिकच पक्का झाला. २००६ च्या उन्हाळ्यात ॲटकिन्स आणि मायकेल टेलर या जोडीने तो खोटा ठरवला. हे दोघेही हौशी शोधक होते. त्यांनी रेडवुड राष्ट्रीय उद्यानातील कमी वर्दळीच्या भागात एकाच मोसमात हेलिओस, इकॅरस आणि २५ ऑगस्टला हायपेरिअन अशी तीन झाडे शोधली, आणि ही तिन्ही आधीच्या विक्रमाहून उंच होती. हायपेरिअन काठावर नसून डोंगरउतारावर उभे आहे. ते ज्या भागात आहे तो भाग उद्यानात १९७८ च्या विस्तारात आला, आणि तोवर आजूबाजूच्या उतारांवरची जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली होती.

अशा शोधात चालण्याचे श्रम फार असतात. तळाशी माणसाच्या कमरेपर्यंत नेचे वाढलेले असतात, आडवे पडलेले जुने ओंडके वाट अडवतात, आणि ज्या झाडाखाली आपण उभे असतो त्याचा शेंडा तेथून कधीच दिसत नाही. म्हणून शोधक समोरच्या उतारावर जाऊन पर्णछतातून वर डोकावणारी टोके हेरतो आणि मग त्या झाडाभोवती फिरून शेंडा दिसेल अशी फट शोधतो. त्या जागेवरून बुंधा दिसेलच असे नाही. तेव्हा खोडावरची एखादी ओळखीची खूण, उदाहरणार्थ एखादी गाठ, मध्ये धरून उंची दोन टप्प्यांत मोजतात: शेंड्यापासून खुणेपर्यंत एका जागेवरून आणि खुणेपासून तळापर्यंत दुसऱ्या जागेवरून.

लेझरने मिळालेला आकडा आशादायक असला, तरी विक्रमाची शिक्कामोर्तब मोजणी झाडावर चढून, फीत सोडूनच करतात. रेडवुडच्या पहिल्या दणकट फांद्या जमिनीपासून कित्येक मीटर वर असतात. म्हणून धनुष्याने बोथट बाण मारून त्याच्यामागून मासेमारीचा बारीक दोरा फांदीवरून पलीकडे नेतात. त्या दोऱ्याने जाडसर दोरी आणि दोरीने मुख्य दोर ओढून घेतात. खोडाला इजा होऊ नये म्हणून काटेरी बूट वापरत नाहीत. वरच्या टोकाला खोड मनगटाएवढे बारीक होते, तिथे माणसाचा भार पेलत नाही. त्यामुळे चढणारा शक्य तितका वर थांबतो आणि काठीने शेवटच्या डहाळीपर्यंतचे अंतर घेतो. मोजफीत तेथून खाली सोडतात. ती फांद्यांत अडकू नये, वाऱ्याने फुगू नये आणि सारख्या ताणात राहावी, एवढ्यासाठी खाली दुसरा माणूस लागतो. हंबोल्ट राज्य विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीफन सिलेट यांनी सप्टेंबर २००६ मध्ये याच रीतीने हायपेरिअनची उंची ११५.५५ मीटर अशी निश्चित केली.

फितीचे खालचे टोक कुठे टेकवायचे, हा प्रश्न तरीही उरतो. उतारावरच्या झाडाला एका बाजूला जमीन वर असते, दुसऱ्या बाजूला खाली. मोठ्या बुंध्याच्या बाबतीत हा फरक सहज काही मीटरचा होतो. सध्या मान्य असलेला संकेत असा की, बुंध्याला लागलेल्या जमिनीच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल बिंदूंची सरासरी हा तळ मानावा. हा संकेत किती महत्त्वाचा आहे, ते मलेशियातील साबा राज्याच्या डॅनम खोऱ्यातील ‘मेनारा’ या झाडावरून कळते. मलय भाषेत मेनारा म्हणजे मनोरा. साल वृक्षाच्या कुळातले, शोरिया फॅग्वेशियाना या जातीचे हे झाड हवाई मापनातून लक्षात आले आणि जानेवारी २०१९ मध्ये उंडिंग जामी यांनी त्यावर चढून फीत सोडली. १००.८ मीटर हा आकडा जगभर छापून आला आणि शंभरी ओलांडणारे उष्ण कटिबंधातील पहिले झाड म्हणून त्याचे कौतुक झाले. मात्र हा आकडा उताराच्या खालच्या बाजूने मोजलेला आहे. सरासरी पातळी तळ मानली, तर मेनारा शंभराच्या आतच राहते. झाड तेच आणि फीतही तीच, पण कोणता आकडा छापायचा ते तळाच्या व्याख्येवर ठरते, आणि बातमी देणाऱ्यांना मोठा आकडा आवडतो.

लायडार या तंत्राने शोधाची रीत बदलली. विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचे असंख्य स्पंद खाली सोडतात. काही स्पंद पर्णछतावरून परततात, काही पानांतल्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात. दोन्ही पातळ्यांतील फरकातून शेकडो चौरस किलोमीटर वनाचा उंचीचा नकाशा तयार होतो. टास्मानियात २००८ मध्ये ‘सेंच्युरिअन’ हे युकॅलिप्टस रेग्नन्स अशाच नकाशातून सापडले. तेव्हा त्याची उंची ९९.६ मीटर होती आणि पुढच्या मोजणीत ती शंभर मीटरच्या वर गेली. २०१९ च्या वणव्यात बुंधा होरपळूनही ते वाचले. ब्राझीलमधील जारी नदीच्या खोऱ्यातील ८८.५ मीटरचे डिनिझिया एक्सेल्सा हे झाडही आधी हवाई माहितीत दिसले, आणि संशोधक त्याच्या बुंध्याशी पोहोचले ते २०२२ मध्ये. २०२३ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या पथकाने तिबेटमधील यारलुंग त्सांगपोच्या घळईच्या परिसरात १०२.३ मीटरचे सायप्रस जाहीर केले. आशियातील ज्ञात झाडांत ते सर्वांत उंच आहे. ही नदी पुढे भारतात ब्रह्मपुत्रा होते.

लायडारलाही चुका होतात. निमुळत्या शेंड्यावर एकही स्पंद पडला नाही, तर उंची कमी भरते. उलट, कड्याच्या टोकाशी उभे असलेले झाड दरीकडे झुकलेले असेल, तर शेंड्याखालची जमीन म्हणून यंत्र दरीचा तळ धरते आणि आकडा फुगतो. टॅन पद्धतीत शेंडा चुकत होता, इथे तळ चुकतो. म्हणून नकाशात चमकलेल्या ठिपक्यांपैकी बरेच ठिपके प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर बाद होतात, आणि दोर-फीत घेऊन चढणाऱ्यांचे काम संपत नाही.

झाडे याहून उंच का होत नाहीत, याचे उत्तर बरेचसे पाण्यात आहे. मुळांपासून पानांपर्यंत पाण्याचा अखंड स्तंभ पानांतील बाष्पोत्सर्जनाने वर ओढला जातो. दर मीटर उंचीमागे गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे एक दशांश वातावरणाइतका ताण वाढतो. म्हणजे हायपेरिअनच्या शेंड्याला केवळ उंचीपोटी अकरा वातावरणांहून अधिक ताण सोसावा लागतो, आणि वाहिन्यांतील घर्षणाचा ताण त्याहून वेगळा. ताण फार वाढला की स्तंभ तुटून वाहिनीत हवेचे बुडबुडे शिरतात. रेडवुडच्या खालच्या फांद्यांवरची पाने लांब आणि पसरट असतात, तर शेंड्याजवळची पाने आखूड, जाड आणि डहाळीला चिकटलेली असतात. दोन्ही डहाळ्या शेजारी ठेवल्या, तर त्या एकाच झाडाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. जॉर्ज कॉख, सिलेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा निरीक्षणांवरून रेडवुडच्या उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटर असावी, असा अंदाज मांडला. फर्ग्युसनचे ४३५ फूट या मर्यादेच्याही पलीकडे जातात.

विक्रमी झाडाचा ठावठिकाणा जाहीर करावा का, यावर शोधकांचे मत पूर्वीपासून ‘करू नये’ असेच आहे. हायपेरिअनची जागा अधिकृतपणे कधीच सांगितली गेली नव्हती, तरी ती इंटरनेटवर फुटली. तिकडे पायवाट नसताना लोक नेचे तुडवत जाऊ लागले, बुंध्याभोवतीची जमीन पायांखाली दबून घट्ट झाली, कचरा आणि विष्ठा साचली. २०२२ मध्ये उद्यान प्रशासनाने तो परिसर बंद केला. तेथे शिरणाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढे करून बुंध्याशी पोहोचलेल्या माणसाला वर पाहिल्यावर शेंडा दिसत नाहीच, हे उद्यानाचे अधिकारी पर्यटकांना वारंवार सांगतात.