पडद्यावरचा ऑटिझम कोणाच्या नजरेतून?

ऑटिझम, म्हणजे मेंदूची घडण जन्मतःच वेगळी असणं, म्हटलं की अजूनही बऱ्याच लोकांच्या डोळ्यासमोर येतो तो सिनेमातला आकडेमोडीचा जादूगार, आणि याची सुरुवात बरीचशी १९८८ च्या 'रेन मॅन'पासून झाली. डस्टिन हॉफमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं, जगभरात असंख्य लोकांना ऑटिझम म्हणून काही असतं हे त्या सिनेमामुळे कळलं. पण हे पात्र ज्याच्यावरून सुचलं तो किम पीक, हजारो पुस्तकं तोंडपाठ असलेला अमेरिकन माणूस, तो ऑटिस्टिक नव्हता असंच नंतर तज्ज्ञांचं मत पडलं. त्याच्या मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा जन्मापासूनच नव्हता. अशी अफाट स्मरणशक्ती किंवा कौशल्य काही ऑटिस्टिक लोकांमध्ये असतं हे खरं, पण बहुतेकांमध्ये नसतं, आणि मग घरोघरी आईवडिलांना "मग याला काय स्पेशल येतं?" हा प्रश्न ऐकावा लागतो, जो मला तरी फार क्रूर वाटतो.

मला यातली खरी अडचण वेगळीच वाटते. पडद्यावर आपल्याला दिसतं ते फक्त बाहेरचं, म्हणजे नजर चुकवणं, हात हलवणं, एका सुरात बोलणं. अभिनेता हे सगळं मेहनतीने उचलतो, आणि आपण म्हणतो काय अॅक्टिंग केलीय! पण त्यामागचं कारण कुठेच येत नाही. नजरेचंच घ्या. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक लोकांना चेहऱ्यांच्या डोळ्यांकडेच बघायला लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा मेंदूच्या आतल्या, भावनांशी आणि धोक्याशी संबंधित भागांत प्रमाणापेक्षा जास्त हालचाल दिसली. म्हणजे समोरच्यात इंटरेस्ट नाही म्हणून नजर वळवली असं नसतं, बऱ्याचदा ते बघणंच सहन होत नाही. हात हलवण्याचंही तसंच, अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात की त्याने मन शांत होतं, आवाज आणि गर्दी झेपते.

माझ्या मैत्रिणीची मुलगी परळला राहते, १६ वर्षांची आहे, स्वतःहून वाक्यं फार कमी बोलते. पाहुणे आले, घरात आवाज वाढला की ती मधेच म्हणते, "पुढील स्टेशन, कुर्ला." अगदी लोकलमधल्या बाईच्या आवाजात, त्याच चढउतारासकट. नवीन माणूस हसतो, किंवा म्हणतो अरे वा किती छान नक्कल करते! तिची आई मात्र लगेच उठून तिला आतल्या खोलीत नेते, पंखा लावते, दार ओढून घेते. लहानपणी कुर्ल्याला गाडी बराच वेळ थांबली होती, डबा खच्चून भरलेला, आणि ती प्रचंड घाबरली होती. तेव्हापासून या तीन शब्दांचा अर्थ 'मला इथून बाहेर काढा' असा आहे. ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. पूर्वी त्याला निरर्थक पोपटपंची समजायचे, पण १९८० च्या दशकापासूनच्या संशोधनात दिसलंय की त्यातून मागणं, नाकारणं, स्वतःला धीर देणं अशी खरीखुरी कामं होत असतात. सिरियलमध्ये हेच पात्र असतं तर हे वाक्य कॉमेडीसाठी वापरलं असतं याची मला जवळपास खात्री आहे, कारण लिहिणाऱ्याला आईला माहीत असलेली गोष्ट माहीतच नसते.

आता दुसरी बाजू बघा. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास छापला. ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांच्या काही सेकंदांच्या क्लिप अनोळखी लोकांना दाखवल्या, कोणाला फक्त आवाज ऐकवला, कोणाला नुसता फोटो, कोणाला फक्त बोलणं कागदावर लिहून दिलं. दिसण्या-ऐकण्यावरून मत बनवणाऱ्यांना ऑटिस्टिक माणसांशी बोलायची, ओळख वाढवायची इच्छा कमी वाटली. पण तेच बोलणं नुसतं वाचायला दिलं तेव्हा हा फरक उरलाच नाही! म्हणजे खटकत होतं ते म्हणणं नव्हे, तर म्हणण्याची ढब. सिनेमा आणि टीव्ही हे माध्यमच ढबीवर चालतं, त्यामुळे ही जबाबदारी फार मोठी आहे.

आणि गैरसमज काही एकतर्फी नसतो. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं की दोन्ही बाजूंना एकमेकांचं मन ओळखायला जड जातं. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या टीमने एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने सांगायला लावली, तर सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीइतकीच नीट पोचली, आणि मिश्र साखळीत जास्त गळाली.

म्हणूनच ऑटिस्टिक माणूस लिहिणाऱ्यांच्या टीममध्ये आणि कॅमेऱ्यासमोर, दोन्हीकडे हवा असं मला मनापासून वाटतं. 'माय नेम इज खान' आणि 'बर्फी!' मध्ये ऑटिस्टिक पात्रांचं काम नावाजलेल्या स्टार्सनी केलं, पण २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये दहा न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेले, कलाकार होते, हा बदल मोठा आहे. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना सहभागी करून घ्या असं स्पष्ट म्हटलं.

पण आपल्या मुंबईतल्या मालिकांच्या सेटवर हे जमवायचं तर कामाची पद्धत थोडी बदलावी लागेल. सीन सकाळी सेटवर हातात पडतो, ऐनवेळी क्रम बदलतो, जनरेटरची घरघर, डोळ्यात येणारे लाइट, आणि एकाच वेळी चार जण सूचना देणार. सीन आदल्या दिवशी पाठवला, एकाच माणसाने सूचना दिल्या, शॉट्सच्या मधे बसायला एक शांत खोली ठेवली, आणि क्रम बदलला तर आधी सांगितलं, एवढं केलं तरी अनेक जण आरामात काम करू शकतील. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही, शांत खोलीसाठी एखादी मेकअप रूम दुपारपुरती रिकामी ठेवली तरी चालेल.