ओसाड ड्राइव्ह-इन चित्रपटगृहांचे अवशेष

मोटारीत बसून चित्रपट पाहण्यासाठी उघड्या मैदानावर उभारलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या उरलेल्या खुणा. जुन्या, टाकून दिलेल्या वास्तू पाहत हिंडणाऱ्यांना या जागांचे मोठे आकर्षण असते. असे अवशेष सर्वाधिक अमेरिकेत आहेत. रिचर्ड हॉलिंगशेड यांनी ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सी राज्यातील कॅम्डनजवळ पहिले ड्राइव्ह-इन सुरू केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस देशात अशी सुमारे ४,००० चित्रपटगृहे होती.

या अवशेषांतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे खुद्द जमीन. पडद्यासमोर एकामागे एक कमानदार मातीचे बांध घातलेले असत. पुढची चाके बांधावर चढवली की गाडीचे नाक वर होई आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसे. हॉलिंगशेड यांनी घरासमोरच चाकांखाली ठोकळे ठेवून ही युक्ती पडताळून पाहिली होती. त्यांना १६ मे १९३३ रोजी मिळालेल्या पेटंटचा गाभाही हीच रचना होती. १९४९ मध्ये न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवले. बांध मात्र टिकले, कारण ते मोडायचे तर मुद्दाम सपाट करावे लागतात. झुडपे माजलेली असली तरी पायी चालताना चढउतार जाणवतो आणि उपग्रहचित्रात उघडलेल्या पंख्यासारखा आकार ओळखू येतो. अनेक शोधयात्रा अशा चित्रावरूनच सुरू होतात.

पडद्याची उंच चौकट लाकडी किंवा लोखंडी असे. देखभाल थांबली की वारा आधी तिचे पत्रे उचकटतो, मग सांगाडाच उरतो. मैदानाच्या मधोमध बैठी इमारत सापडते. बहुधा तिच्यातच प्रक्षेपण कक्ष आणि खाद्यपदार्थांचे दुकान असे. पडद्याच्या दिशेने असलेल्या लहान खिडक्यांवरून प्रक्षेपण कक्ष ओळखावा. बांधांवर ओळीने लोखंडी खांब दिसतात. शेजारशेजारच्या दोन गाड्यांसाठी एकेका खांबावर दोन ध्वनिक्षेपक टांगलेले असत. पुढे गाडीच्या रेडिओवर आवाज मिळू लागला आणि त्यांची गरज संपली. प्रवेशाची तिकीट खिडकी, रस्त्यालगतचा नामफलक आणि पडद्याखालची मुलांची खेळण्याची जागा याही खुणा आढळतात.

ही चित्रपटगृहे बंद पडण्यामागे टीव्ही, व्हिडिओ कॅसेट, १९७० च्या दशकातील इंधनटंचाई आणि उन्हाळ्यात देशभर घड्याळ पुढे केल्याने लांबलेली संध्याकाळ (अंधार पडेपर्यंत चित्रपट सुरू करता येत नसे) अशी कारणे होती. २०१० नंतर फिल्मऐवजी डिजिटल प्रक्षेपक घेण्याचा खर्चही अनेकांना झेपला नाही. तरी निर्णायक घटक जमिनीचा भाव. शहर वाढत आले की ते मैदान विकले जाई. म्हणून अवशेष उरले ते मुख्यतः जमिनीला गिऱ्हाईक नव्हते तिथे. मुंबईत वांद्रे-कुर्ला भागातले जुने ड्राइव्ह-इन बंद झाल्यावर तिथे खुणा उरण्याची शक्यताच नव्हती. त्याच परिसरात २०२१ मध्ये नवे ड्राइव्ह-इन सुरू झाले, तेही इमारतीच्या गच्चीवर!

ओसाड दिसणाऱ्या जागेलाही मालक असतो, त्यामुळे परवानगीशिवाय आत शिरणे बेकायदा ठरते. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आणि रंगात शिसे असण्याचा संभव असतो. कुजलेल्या पडद्याच्या चौकटीवर तर कधीच चढू नये. फलकाची अक्षरे किंवा ध्वनिक्षेपक आठवण म्हणून उचलून नेणे हे या जागांचे फार मोठे नुकसान आहे. मागे राहिलेल्या वस्तूंवरूनच त्या काळची मांडणी कळते.

काही जागा पुन्हा नांदत्याही झाल्या आहेत. मिसूरीतील कार्थेज येथील ‘६६ ड्राइव्ह-इन’ १९४९ मध्ये उघडले आणि १९८५ मध्ये बंद झाले. मधल्या काळात तिथे भंगार गाड्यांचे आवार होते. १९९८ पासून तिथे पुन्हा चित्रपट दाखवले जाऊ लागले. न्यू जर्सीतील व्हाइनलंडचे ‘डेल्सी’ १९८७ मध्ये बंद पडले होते, ते २००४ मध्ये पुन्हा उघडले.