पाइप केवढा टाकायचा?

पुण्याच्या अनेक भागांत नळाला पाणी येण्याआधी गल्लीत चावीवाला येतो. खांद्यावर टी आकाराची लांब लोखंडी चावी. चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी आत घालायची आणि दहा-बारा फेरे फिरवायचे. थोड्या वेळाने घरातला नळ आधी फुसफुसतो, मग चहाच्या रंगाचं पाणी टाकतो आणि मग स्वच्छ. हे फुसफुसणं म्हणजे रिकाम्या पाइपातली हवा. पाइप रिकामा झाला की आतला दाब जातो आणि बाहेरची घाण ओल सांध्यांच्या फटींतून आत शिरू शकते. चोवीस तास पाणी म्हणजे लाड, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नळाला कान लावावा.

आणखी एक भानगड आहे. पाणी दोनच तास येणार असेल, तर सगळे जण त्याच दोन तासांत पिंप, बादल्या, गच्चीवरची टाकी भरतात. म्हणजे दिवसभराचं पाणी दोन तासांत वाहून नेईल एवढा पाइप लागतो. चोवीस तासांच्या पुरवठ्यात हा ताण पसरतो. भारतात वर्षानुवर्षं वापरात असलेले सरकारी निकष गटार योजना असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि गर्दीच्या तासाला सरासरीच्या दोन ते तीन पट.

आता खरा प्रश्न. वाढत्या शहरात पाइप टाकायचा तो आजच्या वस्तीला पुरेल असा, की तीस वर्षांनंतरच्या?

इथे पाण्याचं गणित मोठ्या पाइपाच्या बाजूने उभं राहतं. पाइपाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच उतारावर पाणी दुप्पट किंवा चौपट नव्हे, जवळजवळ सहापट वाहतं. छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे पाइपाच्या भिंतीला घासून जाणाऱ्या पाण्याचा वाटा कमी होतो. खर्च मात्र सहापट होत नाही. रस्ता खोदणं, वाहतूक वळवणं, पुन्हा डांबर टाकणं हे दोन्ही पाइपांना जवळपास सारखंच. रस्ता नवा झाला की पुढच्याच महिन्यात खोदतात, हे आपल्या शहरांचं जुनं दुखणं, आणि त्यात खोदाईचा हा खर्च पुन्हा पुन्हा भरला जातो.

मग सगळीकडे अजस्र पाइप टाकून मोकळं का होऊ नये? एक अडचण पाण्याचीच आहे. मोठ्या पाइपात थोडं पाणी रेंगाळतं, त्यातलं क्लोरीन उतरत जातं, गाळ तळाशी बसतो. दुसरी अडचण व्याजाची. साडेसात टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं, तर दहा वर्षांनी लागणाऱ्या 100 रुपयांसाठी आज 49 रुपये बाजूला ठेवले तरी पुरतात. म्हणजे दहा वर्षं रिकामी राहणारी क्षमता आज बांधली, तर महागाई बाजूला ठेवून बोलायचं तर दुपटीहून जास्त किंमत मोजली. खोदाई म्हणते एकदाच मोठं करा, व्याज म्हणतं थांबा.

ही ओढाताण गणितात मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन मान. त्यांनी पुढे भारतातल्या सिमेंट, ॲल्युमिनियम, कॉस्टिक सोडा आणि खत कारखान्यांवरही हीच पद्धत लावून पाहिली. 1961च्या त्यांच्या लेखातला एक निष्कर्ष मला अजून गंमतशीर वाटतो. मागणी कशी वाढेल याची खात्री नसेल तर आपल्याला वाटतं बेताने, लहान पाऊल टाकावं, म्हणजे एका वेळी थोडीच क्षमता बांधावी. मान यांच्या गणितात अनिश्चितता वाढली की पाऊल उलट थोडं मोठं टाकावं लागतं.

पुण्याची वाढ तर सरळ रेषेत झालेलीच नाही. 2017 मध्ये महापालिकेत 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. हद्दीची रेघ एका दिवसात सरकते, पाइप नाही. म्हणून नव्या सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे.

पैशांचं काय? जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेले, जीएसटीनंतर भरपाई राज्याकडून येते. उरतो मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. बिल्डर शुल्क एकदाच भरतो, इमारतीत राहणारे मात्र रोज पाणी वापरतात. म्हणून कर्ज. 1998 मध्ये अहमदाबादने राज्य सरकारच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे, म्हणजे व्याजाने पैसे उभे करणारे बाँड, काढून वाट दाखवली. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्क्यांनी विकले आणि मुंबई शेअर बाजारात नोंदवले. पूर्ण योजनेचा अंदाज तेव्हा 2,264 कोटींचा होता, म्हणजे रोख्यांचा वाटा दहावा हिस्साही नव्हता.

व्याज वर्षाला 15 कोटी 18 लाख. दिवसाला चार लाखांहून जास्त. रोखे विकले त्याच वर्षी कामाच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. व्याजाचं मीटर नळाच्या मीटरआधी सुरू झालं! कर्ज स्वस्त मिळालं म्हणून घाई करणाऱ्यांनी आधी निविदा हातात आहे का ते पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोख्यांमागची कल्पना मात्र चोख आहे. पाइप आज टाकला तरी त्याचं पाणी उद्याचेही लोक पिणार, तर त्यांनीही हप्ता भरावा. पण मुदती जुळत नाहीत. निकषांनुसार वितरणाचे पाइप 30 वर्षांच्या गरजेसाठी आखतात, धरण 50 वर्षांच्या, पंप 15. रोखे 10 वर्षांचे. म्हणजे 2027च्या जूनपर्यंत मिळकत कर भरणारे हे कर्ज फेडतील, आणि त्यानंतर वाघोली किंवा सूससारख्या नव्याने हद्दीत आलेल्या गावांत फ्लॅट घेणाऱ्याला या 200 कोटींतला पाइप आयता मिळेल. तोवर आमच्या गल्लीत चावीवाला सकाळी येतोच आहे. परवा चेंबरचं झाकण उचलताना म्हणाला, “नवी लाइन टाकलीय म्हणतात, पण फिरवायचा वॉल्व्ह जुनाच आहे.”