टी-३ परत फिरला, त्याची गोष्ट

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ साली एकही वाघ उरला नव्हता. केन नदीकाठचं जंगल तसंच होतं, सांबर-चितळही होते, पण शिकाऱ्यांनी एकेक करून वाघ संपवले होते. त्या मार्चमध्ये बांधवगड आणि कान्हातून दोन वाघिणी आणल्या. जोडीला नर हवा म्हणून नोव्हेंबरात पेंचहून एक तरणाबांड वाघ आला. नोंदवहीत त्याचं नाव टी-३.

मोकळा सोडल्यावर थोड्याच दिवसांत टी-३ दक्षिणेकडे चालू लागला. दक्षिणेकडे म्हणजे पेंचकडे! वनखात्याची माणसं हत्ती आणि रेडिओ कॉलरचे ॲन्टेना घेऊन रात्रंदिवस त्याच्या मागावर राहिली. महिनाभरात शेतं, रस्ते, नद्या ओलांडत त्यानं ४००हून अधिक किलोमीटर तुडवले. अखेर २५ डिसेंबरला दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून पन्नाला परत आणलं.

मार्जारकुळातल्या प्राण्यांना ही मूळ जागेची ओढ जबरदस्त असते. त्याच वर्षी आपल्याकडे माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला होता; तो मूळचा तिथलाच असावा, असा अंदाज आहे. आपल्याला इथून तिथून सगळं जंगल सारखंच वाटतं. वाघाला तसं वाटत नाही. त्याची हद्द वासांनी आखलेली असते. झाडाच्या बुंध्यावर शेपटी उंचावून उडवलेल्या मूत्रात कोण गेलं, नर की मादी, कधी गेलं, मादी माजावर आहे का, हे सगळं त्याला कळतं. वाघच नसलेल्या जंगलात ही पाटी जवळजवळ कोरी असते. तिथे थांबावं तरी कशासाठी?

पन्नाचे तेव्हाचे क्षेत्र संचालक आर. श्रीनिवास मूर्ती यांच्या पथकानं यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. भोपाळच्या वनविहारातल्या वाघिणीचं मूत्र आणून त्यांनी जंगलात शिंपडलं. टी-३ थांबला, शोधू लागला आणि बांधवगडच्या टी-१ वाघिणीला भेटला. १६ एप्रिल २०१० रोजी तिला चार बछडे झाले. वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिन्यांचा. तिथून मागे मोजत गेलं, तर ती भेट टी-३ परतल्यावर आठवड्याभरात झालेली दिसते.

पुढे कान्हातल्या दोन अनाथ बहिणीही पन्नात आणल्या. लहानपणीच आई गेली, त्यामुळे कुंपणातच वाढलेल्या. अशा वाघिणी रानात तगणार नाहीत, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. पण त्यांपैकी टी-४ शिकार करू लागली आणि आई झाली. आज पन्नात पन्नासहून अधिक वाघ आहेत. तिथल्या पारधी समाजातली काही माणसं आता पर्यटकांना जंगलातल्या खुणा वाचायला शिकवतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ती विद्या जंगलाच्या कामी येते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गाठ उलटी बसली आहे. कोयना-चांदोलीत अलीकडे नर वाघ दक्षिणेकडून आपल्या पायांनी आले. नर हद्द शोधत लांबवर भटकतात, मादी मात्र बहुधा आईच्या हद्दीलगतच आपलं बस्तान मांडते. त्यामुळे वाघिणी आपणहून येण्याची वाट पाहायची, तर त्यात पिढ्या जातील. म्हणूनच २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणली. पन्नात वाघिणीचा वास माणसांनी शिंपडला होता. चांदोलीत बुंध्याबुंध्यांवर नरांचा वास आधीच आहे.